मेजावरचे बोलके खेळणे : बालशिक्षणाच्या एका साधनाचा इतिहास



ज्या बाईंच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेचा शिशुवर्ग अनेक वर्षे सांभाळला. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानास मराठीच्या प्राध्यापकाला बोलवावे आणि त्याने संतकाव्यावर किंवा नाट्यवाङ्मयावर बोलावे, हा आजवरचा शिरस्ता. या वेळी संस्थेने मला विषय नेमून दिला आणि तो बाईंच्या कार्याशी अधिक जवळचा असल्याने मी तो आनंदाने पत्करला.

विषयाचे निमित्त आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी, ज्यांतील दोघेतिघे आज अभियंते आहेत, शिशुवर्गासाठी मेजावर ठेवण्याचे एक बोलके खेळणे करून देण्याचे योजिले आहे. लाकडाची एक चौकट, तिच्यात बारा खण, आणि प्राणी, फळे, भांडी व आकार यांचे ठोकळे. खणात ठोकळा ठेवला की खेळणे त्याचे मराठी नाव उच्चारील. जागा बरोबर असेल तर शाबासकी देईल, चुकल्यास पुन्हा प्रयत्न करावयास सांगेल. माझ्याकडे मागणी होती ती एवढीच, की साठ मराठी शब्दांची यादी करून द्यावी आणि त्यांच्या उच्चारांवर नजर ठेवावी. बडोद्यात मराठी माध्यमाचे वर्ग रोडावत चाललेले असताना शिशुवर्गात मराठी बोलणारे खेळणे यावे, या कल्पनेमागील तळमळ मला समजते. परंतु यादी करावयास बसलो तेव्हा लक्षात आले, की यादीच्या आधी एका प्रश्नाचा निकाल लागला पाहिजे. खेळण्याने मुलाला उत्तर द्यावे काय? द्यावे तर कोणत्या रीतीने? आणि खेळणे उत्तर देत असताना जवळच्या मोठ्या माणसाने काय करावे? हा प्रश्न आजचा नाही. गेली दोनशे वर्षे बालशिक्षणाचे विचारवंत याच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत. त्यांनी दिलेली उत्तरे क्रमाने पाहावी, एवढाच माझा आजचा संकल्प आहे.

१. धूळपाटी

आरंभ आपल्या घरापासून करू. पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम अक्षर गिरवी ते धूळपाटीवर. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावयाची, तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे, आणि पाटी हलविली की पुन्हा कोरी. 'धुळाक्षरे' हा शब्द मराठीत आजही प्राथमिक ज्ञानाच्या अर्थाने जिवंत आहे, तो या साधनाचा अवशेष होय. अंकगणिताला संस्कृतात पाटीगणित म्हणत, त्यातही हीच पाटी आहे.

या साधनाचे दोन गुण लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला, चूक पुसणे येथे फुकट आहे; धुळीत केलेली चूक मागे राहत नाही. दुसरा, अक्षर डोळ्यांआधी बोटाला कळते. मात्र धूळपाटी मुलाला उत्तर देत नाही. अक्षर बरोबर की चूक, हे पंतोजीच सांगणार आणि त्यांचे सांगणे बहुधा छडीच्या भाषेत असे. साधन मऊ आणि शिक्षक कठोर, अशी ती व्यवस्था होती. शिवाय ती होती सहासात वर्षांच्या मुलांसाठी. तीन-चार वर्षांच्या मुलाला शिक्षणात काही स्थान आहे, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. त्या वयाचे मूल आजीजवळ असे आणि चिंचोके, कवड्या, भातुकली हीच त्याची शाळा असे.

२. फ्रोबेलची देणगी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी खेळण्यांची एक सुसंगत माला प्रथम रचली ती फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणज्ञाने. त्याचा जन्म १७८२ चा. तरुणपणी बर्लिनमध्ये ख्रिस्तिआन वाइस या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने खनिजसंग्रहालयात काम केले. स्फटिकांचे नमुने हाताळताना, त्यांची वर्गवारी करताना, निसर्गातील रचनेला एक नियम आहे आणि तो साध्या आकारांतून प्रकट होतो, ही त्याची धारणा दृढ झाली. पुढे १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांच्या खेळाची आणि उद्योगाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले.

त्याने मुलांसाठी केलेल्या साधनांना तो 'देणग्या' म्हणे. पहिली देणगी म्हणजे लोकरीचे रंगीत चेंडू. दुसरी म्हणजे लाकडी गोल, दंडगोल आणि घन. तिसरीत दोन इंचांचा एक घन आठ छोट्या घनांत विभागलेला असे. चौथीत तोच घन आठ विटांत. पाचवी व सहावी यांहून गुंतागुंतीची. खोके मेजावर उलटे ठेवून झाकण हळूच काढून घ्यावयाचे आणि खोके वर उचलावयाचे, म्हणजे मुलाला प्रथम अखंड घन दिसे. तुकडे नंतर. खेळ संपला की तुकड्यांचा पुन्हा घन करून तो खोक्यात जाई. अखंडापासून खंडांकडे आणि पुन्हा अखंडाकडे, हा त्या पद्धतीचा क्रम. बालोद्यानातील मेजही विशेष असे. त्याच्या पृष्ठभागावर इंचाइंचाच्या चौकटी आखलेल्या असत आणि ठोकळे त्या रेषांवर मांडले जात. मेज हेच साधनाचा भाग मानणारी ही पहिली योजना. आपल्या अभियंत्यांच्या बारा खणांची ती पणजी म्हणावयास हरकत नाही.

फ्रोबेलच्या ठोकळ्यांना बरोबर आणि चूक यांचा भेद नव्हता. आठ घनांतून मूल खुर्ची करील, पूल करील. ती जीवनाची रूपे. सममित नक्षी मांडील. ती सौंदर्याची रूपे. अर्धे, पाव, एकअष्टमांश असे भाग पाडील; ती ज्ञानाची रूपे. तेच आठ तुकडे या तिन्ही वाटांनी जात. ठोकळा मुका, पण त्याच्या भोवती बोलणे मात्र भरपूर. फ्रोबेलने १८४४ मध्ये आयांसाठी बोटांच्या खेळांचे आणि गाण्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले, ते याचसाठी. चेंडू दोरीला बांधून झुलवावयाचा तो झुलता झुलता आईने काही म्हणावे म्हणून. खेळणे गप्प आणि माणूस बोलता, हे फ्रोबेलचे उत्तर.

या निरुपद्रवी ठोकळ्यांचीही राजसत्तेला भीती वाटली. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. कारण देण्यात आले नास्तिकता आणि समाजवाद यांचे. आणि त्यात फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या लेखनाची गल्लत होती. फ्रोबेल १८५२ मध्ये वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर त्याच्या शिष्यांनी बालोद्याने देशोदेशी नेली होती. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात या देणग्या मांडल्या होत्या. तेथे त्या पाहून एका आईने त्या आपल्या मुलासाठी घेतल्या. तो मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेला वास्तुकार फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचा स्पर्श बोटांत राहिला, असे त्याने उतारवयात लिहून ठेवले.

पण हीच साधने पुढील पिढीच्या हाती आल्यावर कवायत बनली. वर्गातील सर्व मुलांनी एकाच वेळी झाकण काढावे, शिक्षिकेच्या आज्ञेनुसार एकेक ठोकळा हलवावा, असे पाठ सुरू झाले. साधन निर्दोष असले तरी ते वापरणारी व्यवस्था त्याला निर्जीव करू शकते, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

३. चूक सांगणारे लाकूड

दुसरा प्रवाह एका वैद्याकडून निघाला. १८०० मध्ये फ्रान्सच्या आव्हेरों भागातील रानात वाढलेला एक मुलगा लोकांच्या हाती लागला. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतील तरुण वैद्य झां इतार याने त्याला शिकविण्याचे काम अंगावर घेतले. एका फळीवर त्याने तांबडे वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन असे कागद चिकटवले आणि तशाच आकारांचे पुठ्ठे मुलाच्या हाती देऊन ते त्या त्या जागी ठेवावयास शिकविले. त्या मुलाला भाषा आली नाही. परंतु आकार आणि जागा यांची जोडी लावण्याची ही युक्ती टिकली. इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने तिला कोरीव लाकडी फळ्यांचे रूप दिले आणि मंदबुद्धी मानल्या गेलेल्या मुलांच्या शिक्षणात त्यांचा उपयोग केला. या दोघांचे ग्रंथ इटलीतील मारिया माँटेसरी या वैद्य स्त्रीने स्वहस्ते उतरून काढले, इतके तिला त्यांचे महत्त्व वाटले.

माँटेसरीबाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांपैकी एकच घेऊ. लाकडाचा एक लांब पट्ट. त्यात दहा खोबणी आणि प्रत्येकीत बसणारा एकेक दंडगोल, वर धरावयास मूठ. असे चार पट्ट. एकात फक्त जाडी बदलते, एकात फक्त उंची, बाकीच्या दोहोंत दोन्ही गोष्टी निरनिराळ्या रीतीने. मुलाने सगळे दंडगोल काढून मिसळावे आणि परत बसवावे. समजा जाडीच्या पट्टात त्याने बारीक दंडगोल रुंद खोबणीत टाकला. तो आत जाईल, खुळखुळेल; कोणी काही म्हणणार नाही. पण शेवटी हातात एक जाड दंडगोल उरेल आणि समोर असेल एक अरुंद खोबण. तो बसणार नाही. आपले कोठेतरी चुकले, हे मुलाला कळेल आणि कोठे ते शोधण्यासाठी त्याला मागे जावे लागेल. माँटेसरीबाईंनी याला चुकीचे नियंत्रण म्हटले आहे. ते शिक्षकाच्या हातून काढून लाकडाच्या हाती दिले, ही त्यांची क्रांती.

म्हणजे उत्तर देणारे खेळणे प्रथम घडले ते येथे आणि ते तोंडाने काही बोलत नव्हते. ते शाबासकी देत नाही आणि दटावीतही नाही. केवळ बसते किंवा बसत नाही. यास जोड होती दुसऱ्या तत्त्वाची : एका साधनात एकच गुण बदलावा. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत वाढत जातात. पण रंग सर्वांचा एकच, म्हणजे लक्ष जाते ते केवळ आकारमानाकडे.

मग शब्दांचे काय? शब्द शिक्षिकेने द्यावयाचे. पण थोडे आणि नेमके. सेगँकडून घेतलेली तीन पायऱ्यांची रीत प्रसिद्ध आहे. प्रथम वस्तू दाखवून नाव सांगावे. मग नाव घेऊन वस्तू मागावी. शेवटी वस्तू दाखवून नाव विचारावे. मुलाला तिसऱ्या पायरीवर आले नाही, तर चूक न दाखविता विषय तेथेच सोडावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. शब्द केव्हा द्यावा आणि केव्हा राखावा, हे मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरते. हा निर्णय लाकडावर सोपविलेला नव्हता, हे विसरता कामा नये.

४. भावनगर, बोर्डी, कोसबाड

हे विचार आपल्या भागात आले त्या वाटेवर बडोदे संस्थान आहे, याचा आपल्याला अभिमान असावा. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले. संस्थानच्या ग्रंथालय-चळवळीतील अग्रणी, वसो गावचे मोतीभाई अमीन यांच्याकडून एका तरुण वकिलाला माँटेसरींच्या विचारांचा परिचय झाला. ते वकील म्हणजे गिजुभाई बधेका. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि 'शिक्षणपत्रिका' निघू लागली. गुजराती गिजुभाई आणि मराठी ताराबाई यांचा हा सहयोग आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी माणसाला विशेष जवळचा वाटावा. गिजुभाई जून १९३९ मध्ये निवर्तले; माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. पाच महिन्यांनी त्यांची भेट हुकली.

महायुद्धामुळे माँटेसरीबाई अड्यार आणि कोडाईकनाल येथे १९४६ पर्यंत राहिल्या आणि त्यांच्या हाताखाली अनेक भारतीय शिक्षक तयार झाले. साधने मात्र महाग होती. लाकूड उत्तम, मापे काटेकोर. शहरातील सुस्थित घरांतील मुलांना ती मिळत. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले तेव्हा प्रश्न उभा राहिला तो हा, की ज्या मुलाच्या घरी मेजच नाही त्याचे काय? अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ही कल्पना या प्रयोगातून रुजली. पुढे १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या जवळ गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. साधने कोणती? खडे, बिया, शिंपले, पाने, काड्या, माती. लहानमोठे लावावयाचे तर खडे लावावे. खरखरीत आणि गुळगुळीत यांसाठी पाने चाचपावी. माँटेसरींचे तत्त्व ठेवले आणि माँटेसरींचे लाकूड सोडले. बालशिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट मला दंडगोलांच्या पट्टाइतकीच मोलाची वाटते. कारण साधन आणि त्यामागचे तत्त्व या वेगळ्या वस्तू आहेत, हे तिने सिद्ध केले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा 'अंगणवाडी' हाच शब्द देशभर गेला.

बडोद्यातही या कामाने मूळ धरले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्या काळात गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. त्या विद्याशाखेच्या चेतन बालवाडीने येथील अनेक शिक्षिकांना दृष्टी दिली.

५. लाकडाला वाचा फुटते

विजेच्या खेळण्यांचा इतिहास सामान्यतः समजतात त्याहून जुना आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सीमोर पॅपर्ट यांच्या गटात रेडिया पर्लमन या तरुण विदुषीने, अजून वाचता न येणाऱ्या मुलांना यंत्रमानवी कासव चालविता यावे म्हणून एक पेटी केली. प्लास्टिकच्या पत्त्यांवर 'पुढे', 'वळ' अशा आज्ञांची चित्रे. मुलाने पत्ते फटींत ओळीने खोवावे आणि कळ दाबावी, की कासव त्याप्रमाणे चाले. कासव भिंतीवर आदळले तर पत्त्यांचा क्रम बदलून पाहावा. येथेही चूक कासव सांगते. शाबासकीचा आवाज नाही. ती माँटेसरींचीच नात शोभते. १९९७ मध्ये त्याच संस्थेतील हिरोशी इशी यांनी संगणकाला पडद्याबाहेर काढून हाताने धरता येणाऱ्या वस्तूंत आणण्याचा विचार मांडला. मिचेल रेझ्निक यांनी आपल्या संशोधनगटाच्या नावातच फ्रोबेलच्या बालोद्यानाला जागा दिली.

आपल्या अभियंत्यांनी योजलेले तंत्र असे आहे. प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात नाण्याएवढी एक चकती. तिला बॅटरी नसते. खणाखाली तारेचे वेटोळे असते. त्यातून निघणाऱ्या लहरींवरच चकती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक कळविते. छोटा संगणक तो क्रमांक यादीत पाहून त्यासमोरचा ध्वनी वाजवितो. युक्ती सुबक आहे. परंतु तिचा अर्थ स्पष्ट असावा. खेळण्याला घोडा कळत नाही. त्याला क्रमांक कळतो. मूल घोड्याला खणाकडे दौडत नेते की पालथा टाकते, हे त्याच्या लेखी सारखेच.

अशा खेळण्यांच्या परिणामांवर अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील ॲना सोसा यांचा २०१५ अखेरीस प्रसिद्ध झालेला अभ्यास लहान आहे : २६ मायलेकरांच्या किंवा बापलेकरांच्या जोड्या, मुले १० ते १६ महिन्यांची. तरी त्याचा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. बोलक्या विजेच्या खेळण्यांबरोबर खेळताना पालकांच्या तोंडी मिनिटाला सुमारे ४० शब्द आले. साध्या ठोकळ्यांबरोबर सुमारे ५६ आणि पुस्तकाबरोबर सुमारे ६७. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आकार खोवण्याच्या साध्या आणि विजेच्या डब्यांची तुलना झाली. साध्या डब्याबरोबर आईबापांनी 'आत', 'कोपरा', 'गोल' अशा जागा-आकारांच्या शब्दांचा उपयोग अधिक केला. आपल्या शिशुवर्गातील मुले याहून मोठी आहेत, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा ध्यानात घ्यावी. खेळणे बोलू लागले की माणूस गप्प होतो.

नमुन्याचे खेळणे तीन सकाळी आपल्या शिशुवर्गात ठेवले होते. मी मागे बसून पाहत होतो. पहिल्या दिवशी मुलांनी नावे ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आले, की चुकल्यावर वाजणारा आवाज शाबासकीपेक्षा गमतीचा आहे. मग चुकीचे ठोकळे मुद्दाम ठेवले जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी एका मुलीने हातातली बांगडी काढून खणात ठेवली. खेळणे काही बोलेना. ती म्हणाली, "ह्याला बांगडी येत नाही." बाई हसल्या आणि ह्याला आणखी काय काय येत नसेल, असे त्यांनी विचारले. पुढची दहा मिनिटे मुले वर्गातील एकेक वस्तू आणून खणात ठेवीत होती आणि बोलत होती : डब्याचं झाकण, खडू, बाईंचा चष्मा. तीन सकाळींतील सर्वांत अधिक मराठी त्या दहा मिनिटांत बोलले गेले आणि ते खेळणे गप्प असताना.

६. शब्दांची यादी आणि भाषा

आता माझ्या अधिकारातील एक गोष्ट सांगतो. साठ शब्दांची यादी म्हणजे साठ नामे. परंतु मराठी नामांच्या यादीत राहत नाही. ती सामान्यरूपात राहते. घोडा हा शब्द कळला म्हणजे 'घोड्याला' कळला असे नाही. ससा, पण सशाचे कान. डबा, पण डब्यात. वाटी, पण वाट्या. फूल, पण फुलावर. बडोद्यातील आपली मुले घराबाहेर गुजराती ऐकतात आणि गुजरातीत घोड्याचे रूप 'घोडा' असेच विभक्तीपूर्वी राहते. म्हणून 'घोडाला चारा दे' असे त्यांच्या तोंडी येते. ही चूक खेळण्याने शंभरदा 'घोडा' म्हटल्याने सुटणार नाही. उलट पक्की होईल. ती सुटते कोणीतरी सहजपणे 'हो, घोड्याला चारा देऊ या' असे म्हटल्याने. लिंगवचनांचेही तेच.

आणि शब्द तरी कोणता घ्यावा? एका फळाला पुण्याचा मनुष्य पेरू म्हणेल, विदर्भातील जांब म्हणेल आणि आपल्या वर्गातील निम्मी मुले गुजरातीच्या संगतीने जामफळ म्हणतील. खेळण्याच्या यादीत एका क्रमांकासमोर एकच ध्वनी असतो. बाकीची मुले तेथे चूक ठरतात. आजीने शिकविलेला शब्द यंत्राने चुकीचा ठरवावा आणि तेही मराठी टिकविण्यासाठी, यासारखी विपरीत गोष्ट नाही.

७. काय करावे

मी खेळणे नाकारावे या मताचा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. त्याचा अभ्यासक्रम-आराखडा २०२२ मध्ये आला आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने खेळण्या-कोड्यांचा 'जादुई पिटारा' शाळांसाठी प्रसिद्ध केला. खेळण्याला शिक्षणात मानाचे पान मिळाले आहे. अशा वेळी आपल्या मुलांनी आपल्या शाळेसाठी काही घडवावे, ही भाग्याची गोष्ट आहे. मात्र इतिहासाने दिलेल्या कसोट्यांवर ते उतरावे. त्या मी थोडक्यात मांडतो.

बरोबर-चूक लाकडानेच सांगावे. ठोकळे आणि खण असे कापावेत, की न बसणे हाताला कळेल. शाबासकी आणि दटावणी, दोन्ही आवाज काढून टाकावेत. एका पाटात एकच गुण बदलावा. रंग, आकार, आवाज आणि दिवे यांची एकत्र जत्रा भरवू नये. वीज नसताना किंवा यंत्र बिघडल्यावरही खेळ चालू राहिला पाहिजे. फ्रोबेलचा घन पावणेदोनशे वर्षांनंतरही तसाच चालतो, तो त्याच्या पोटात काही नसल्यामुळे. ठोकळा हरवला तर मांडवीच्या परिसरातील सुताराला नवा करून देता यावा. ठोकळे गिळता येणार नाहीत एवढे मोठे असावेत आणि बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद असावे. खेळण्यांच्या सुरक्षेचे भारतीय मानक १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले आहे, त्याचा अभ्यास आधी करावा.

राहिला आवाज. तो ठेवावयाचाच असेल तर खेळण्याने नाव सांगू नये. त्याने नाव विचारावेही नाही. ठोकळ्यात बाईंनी, आजीने, वर्गातल्या मुलाने आपला आवाज भरावा आणि तो वाटेल तेव्हा बदलता यावा. एका आठवड्यात घोड्याच्या ठोकळ्यातून एका आजोबांचे वाक्य निघेल, दुसऱ्या आठवड्यात एखाद्या मुलीचे. पेरू आणि जामफळ दोन्ही तेथे नांदतील. शब्दाऐवजी वाक्य भरावे, म्हणजे सामान्यरूप आपोआप येईल. हे तंत्राने अवघड नाही, असे अभियंत्यांनी मला सांगितले आहे.

आणि खर्चाचा विचार. शिशुवर्गात आज एक बाई आणि तीस मुले आहेत. खेळण्यांसाठी जमणाऱ्या रकमेतून आधी मदतनीस बाईंची नेमणूक व्हावी आणि उरलेल्या रकमेत खेळणे बसवावे, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. क्रम उलटा झाला, तर खेळणे हे बाईंची जागा भरून काढण्याचे निमित्त होईल. आणि हे फ्रोबेल, माँटेसरी, गिजुभाई, ताराबाई यांपैकी कोणालाही मान्य झाले नसते. त्यांचे परस्परांत मतभेद पुष्कळ होते, परंतु साधनाजवळ एक बोलते माणूस असावे याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हते.

साठ शब्दांची यादी मी केलेली नाही. तिच्याऐवजी साठ वाक्यांचे एक टिपण शिशुवर्गाच्या बाईंकडे दिले आहे. ती खेळण्याने म्हणण्यासाठी नाहीत. मूल ठोकळा हातात घेऊन वर पाहील, तेव्हा जवळच्या माणसाला सुचावीत यासाठी आहेत. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या बाईंजवळ असे कोणतेही टिपण नव्हते आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. आपल्याला आहे; म्हणून ते वापरावे, त्यात भर घालावी आणि ज्या दिवशी त्याची गरज उरणार नाही त्या दिवशी ते बाजूला ठेवावे.